दामूच्या मागचा बँकर

भिसेगाव, कर्जत
१४ ऑगस्ट १९७८

अहो,

सप्रेम जयभीम. नवरा पंधरा किलोमीटरवर आणि त्याला अंतर्देशीय पत्र लिहायचं, ही तऱ्हा आमच्या शिरूरकडे मी कधी पाहिली नव्हती. लग्नाला वर्ष होत नाही तोवर तुम्ही साजगावला खोली घेतलीत आणि बँकेच्या परीक्षेचा निकाल लागेपर्यंत कर्जतचं तोंड बघणार नाही, अशी शपथ घेऊन बसलात. भांडण तुमचं आणि मामंजींचं, शिक्षा मात्र मला.

असो. तुम्ही सांगितल्याप्रमाणे घरावर नजर ठेवून आहे. पोस्टमन आला की मीच पुढे होते. पण शनिवारी मी दारात जायच्या आधी मामंजी गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभे होते. दोघांचं काहीतरी कुजबुजणं झालं. मी विचारलं, काही आलंय का? तर म्हणाले, "काय नाय. पाऊसपान्याचं बोलत व्हतो." पाऊसपाण्याचं कुणी कुजबुजत बोलतं का?

दुसरी गोष्ट. रोज सकाळी आठ वाजता मामंजी इस्त्रीचा कोट घालून बाहेर पडतात. तोच, जो ते चौदा एप्रिलला घालतात. दहाला परत येतात. रेल्वेतून रिटायर झालेल्या सांधेवाल्याला रोज सकाळी इस्त्रीचा कोट कशाला लागतो? विचारलं तर, "पाय मोकळं कराया चाललोय." कोटाच्या आत काहीतरी गुंडाळून घेतलेलं असतं. वाकले की कागदासारखं चुरचुरतं.

आत्याबाईंना विचारलं, तर माझ्यावरच डाफरल्या. "तुला काय कराचं हाय गं? जाईल कुटंबी." आणि त्या कोटाला इस्त्री त्याच करून देतात. तेव्हा तुमच्या आईही सामील आहेत, असं मी धरून चालले आहे.

जेवण वेळेवर घ्या. कमळ्याभावजींच्या हातचं कालवण सोसत नसेल तर सांगा, चटणी पाठवते.

तुमची
सुचेता


साजगाव, खोपोली
२० ऑगस्ट १९७८

प्रिय सुचेता,

जयभीम. पत्र मिळालं. चटणी पाठव.

तू नवीन आहेस म्हणून भांडणाचं मूळ एकदा नीट सांगतो. मला शाळेत घातलं तेव्हा आबांनी हेडमास्तरांना सांगितलं, जातीच्या रकान्यात 'बौद्ध' लिहा. हेडमास्तर म्हणजे गावातले अप्पा मास्तर. त्यांनी नियमावर बोट ठेवलं आणि लिहिलं 'हिंदू महार'. आबांनी शाळेच्या पायरीवर भांडण केलं. तेव्हापासून वीस वर्षं दोघांत शब्द नाही.

आता गंमत बघ. राज्य सरकारच्या फॉर्मात बौद्धांना सवलत आहे, बँकेच्या फॉर्मात नाही. तिथे बौद्ध लिहिलं की वयाची सूट गेली, राखीव जागा गेली. मी म्हटलं, दाखल्यावर अप्पांच्या हातचा शब्द आयता आहेच, तो वापरतो. आबा म्हणाले, "त्या शब्दावर नोकरी घेनार असशील तर माझा उंबरा चढू नको." मी बौद्धच लिहिलं, आणि उंबराही सोडला. त्यामुळे ही माझी पहिली आणि शेवटची परीक्षा. पुढच्या जाहिरातीला माझं वय उलटलेलं असेल. आबांना हे ठाऊक आहे. तरी त्यांना मी बँकेत ऑफिसर व्हायला हवा आहे की नको, हेच मला कळत नाही.

आता माझ्याकडची भानगड ऐक. गेला महिनाभर दादरहून दर आठवड्याला एक पाकीट येतं. 'मित्र क्लास' असं नाव. आत सराव-पेपर. मी उत्तरं लिहून दादरच्या पत्त्यावर पाठवायची, की पुढच्या आठवड्यात तपासून परत. फी नाही. मी अर्ज केला नव्हता, यांना माझा पत्ता कुणी दिला? सगळं टाइप केलेलं, हाताचं एक अक्षर नाही. फक्त लाल शाईत मार्कांचे आकडे. कमळ्या म्हणतो, "फुकाट कोन देतं रं? कायतरी पानी मुरतंय." कमळ्या माझ्याच कारखान्यात बॉयलरवर आहे, पण त्याला माणसं कळतात. आपल्यासारख्यांच्या वाट्याला फुकटचं काही आलं, तर ते आधी उलटून बघावं.

फॉर्मबरोबरच्या पुस्तिकेत ठळक लिहिलंय: उमेदवाराने किंवा त्याच्या वतीने कुणीही वशिला लावल्यास उमेदवारी रद्द. मी ते कापून भिंतीला चिकटवलं आहे.

तू आबा कुठे जातात ते बघ. मागे जा, पण दिसू नकोस.

तुझा
दामू


भिसेगाव
४ सप्टेंबर १९७८

अहो,

गेले मागे. बाजाराची पिशवी घेतली, डोक्यावर पदर ओढला, आणि रेल्वेच्या पुलावरून मामंजींच्या वीस पावलं मागे. मला वाटलं, माणूस दवाखान्यात जाईल, नाहीतर कुणाकडे पत्ते कुटायला जाईल. कुठे गेले असतील? तुम्ही वाचून खाली बसाल.

अप्पा मास्तरांच्या घरी.

आधी मला वाटलं, पुन्हा भांडायला गेले. म्हणून समोरच्या किराणा दुकानात पाव किलो डाळ अर्धा तास निवडत उभी राहिले. भांडण नाही की काही नाही. मामंजी आत खुर्चीवर बसले होते. कोटातून कागद काढून त्यांनी अप्पांच्या हातात दिले. अप्पांनी चष्मा लावून ते वाचले, आणि वाचता वाचता मान हलवत राहिले. आतून टाइपरायटर वाजत होता. मग त्यांचा मुलगा मधू बाहेर आला, एक पाकीट मामंजींच्या हातात ठेवलं, आणि तिघंही कशावर तरी हसले. मामंजी हसले! घरात त्यांचे दात आम्हाला फक्त राखुंडी लावताना दिसतात.

दुकानदार म्हणाला, मधूसुद्धा तुमच्याच बँकेच्या परीक्षेला बसतोय. तुम्हाला हे माहीत होतं का?

घरी आल्यावर मी सहज म्हटलं, मामंजी, आज पाय फार लांबवर मोकळे केलेत. त्यांनी माझ्या पिशवीकडे बघितलं आणि म्हणाले, "पाव किलो डाळीला दीड तास? म्हाग झाली वाटतं." म्हणजे त्यांनाही माझा संशय आलेला आहे. आता आम्ही दोघं एकमेकांकडे बघत चहा पितो.

ते कागद कसले ते मात्र कळलं नाही. मला हे बरं दिसत नाही.

सुचेता


साजगाव
११ सप्टेंबर १९७८

सुचेता,

तुझं पत्र तीनदा वाचलं. वीस वर्षांचं वैर असं फुकट सुटत नाही. मधू माझ्याच परीक्षेला बसतो आणि माझा बाप त्याच्या घरी कागद पोचवतो. कसले कागद? मी घर सोडलं तेव्हा माझ्या गणिताच्या दोन वह्या फळीवर राहिल्या होत्या. त्या आहेत का बघ. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात ते काय उगीच?

यापुढे माझ्या अभ्यासाबद्दल घरात चकार शब्द काढू नकोस. कुणी विचारलं तर सांग, दामूने परीक्षेचा नाद सोडला.

त्या दादरच्या क्लासचे पेपर मी सोडवतोच आहे. विषाची परीक्षा कशाला घ्यायची असं वाटतं, पण पेपर चांगले असतात. गणितात मला पन्नासपैकी पन्नास देतात. इंग्रजीत एकोणीस. मागच्या निबंधाखाली टाइप करून आलं होतं: 'वाक्यं फार लांब. मध्ये श्वास घ्या.' राग आला, पण खरं होतं. आता छोटी वाक्यं लिहितो. सव्वीस मिळाले.

दामू


साजगाव
२० नोव्हेंबर १९७८

प्रिय सुचेता,

मधल्या दोन महिन्यांत तुला धड चार ओळी लिहिल्या नाहीत, रागावली असशील. काल परीक्षा झाली. पेपर चांगले गेले. इतके चांगले गेले की मला रात्रभर झोप नाही, आणि ती आनंदाने नाही.

दादरला एका शाळेत नंबर होता. माझ्यापुढे दोन बाकं सोडून मधू. मला बघून हसला. मी तोंड फिरवलं. मधल्या सुट्टीत डबा घेऊन आला, म्हणाला, "आईने तुझ्यापण पोळ्या दिल्यात." मी म्हटलं, मला भूक नाही. होती. पण ज्याने माझं काय काय वाचलंय ते मला माहीत नाही, त्याच्या डब्यात हात कसा घालू?

दुपारी इंग्रजीचा पेपर. निबंध आला, 'खेड्यातील बँकेची शाखा'. सुचेता, हाच निबंध, याच नावाने, क्लासच्या तिसऱ्या पाकिटात होता. मी तो दोनदा लिहून तपासून घेतला होता. हात आपोआप चालला. पुढे बघितलं तर मधूही खाली मान घालून सपासप लिहीत होता. थांबणं नाही, विचार करणं नाही.

पेपर फुटला होता का? तो क्लास कुणाचा? पेपर सुटल्यावर तसाच त्या पत्त्यावर जाऊन आलो. क्लास-बिस काही नाही. रेल्वेच्या चाळीतली एक खोली, दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, इथे कर्जतच्या कुणाचा तरी मुलगा राहतो, कामाला गेलाय. कर्जतच्या!

आता तू डोळ्यांत तेल घालून बघ. हे बाहेर आलं तर नोकरी सोड, मला बेड्या पडतील.

दामू


भिसेगाव
२६ नोव्हेंबर १९७८

अहो,

तुमच्या गणिताच्या वह्या फळीवरच आहेत, धूळ खात. पण आता जे लिहिते आहे ते वाचून घाबरू नका. मी घाबरले आहे तेवढं पुरे.

काल दुपारी सखारामकाका आले होते. मामंजींचे रेल्वेतले जुने जोडीदार, रोज दादरला कामाला जातात ते. त्यांचा मुलगाही तिकडेच राहतो. दोघं परसदारी बसले होते आणि मी आत तांदूळ पाखडत होते. सखारामकाकांनी विचारलं, दामूचं कसं काय? तेव्हा मामंजी जे बोलले ते मी लगेच कॅलेंडरच्या कडेला लिहून ठेवलं, एक शब्द इकडचा तिकडे नाही:

"दामूच्या मागं पक्का बँकर लावलाय. वर पोचंस्तवर सोडाचा नाय. पर दामूला कळता कामा नये. कळलं तर त्यो समदं फेकून दील."

सखारामकाका म्हणाले, "बँकर भारी मिळाला रं तुला, धर्माजी." आणि मामंजी म्हणाले, "व्हय, पर त्याच्या दारात उभं ऱ्हायला मला वीस वर्सं लागली."

मी सूप तसंच हातात धरून बसले. बँकर म्हणजे बँकेतला मोठा माणूसच ना? मामंजींनी कुणाला गाठलंय? तुम्ही भिंतीला कसला कागद चिकटवलाय ते मला आठवलं. मामंजी असं काही करतील असं माझ्या मनाला वाटत नाही. पण कान माझेच आहेत आणि ते धड आहेत.

काय करायचं ते मला आधी विचारल्याशिवाय करू नका. तुम्ही एकदा ठरवलं की बैलासारखे शिंगं खाली घालता.

सुचेता


साजगाव
२९ नोव्हेंबर १९७८

सुचेता,

सगळं जुळलं. कर्जतच्या माणसाची दादरची खोली, फुकटचे पेपर, फुटलेला निबंध. आबांनी अप्पा मास्तरांच्या ओळखीने बँकेतला कुणीतरी गाठला आहे. अप्पांनी मुलासाठी, आबांनी माझ्यासाठी. म्हणून वैर मिटलं. मला दाखल्यावरचा एक शब्द वापरू दिला नाही, आणि स्वतः माझ्या पाठीमागून हे धंदे! बौद्ध लिहून मी उजळ माथ्याने पेपर दिला असं मला वाटत होतं. आबांनी तेवढंही ठेवलं नाही.

तू विचारल्याशिवाय करू नका लिहिलंस. पण विचारायला वेळ नाही. उद्या कुणी चौकशी केली तर मी सामील होतो असंच म्हणतील. आपल्या माणसाचं कोण ऐकून घेतं? म्हणून आज सकाळी मी भरती मंडळाला पत्र लिहिलं. इंग्रजीत, छोट्या वाक्यांत. माझ्या वडिलांनी माझ्या नकळत एका बँकरला माझ्या मागे लावले आहे असे मला समजले. माझा त्यात हात नाही. रजिस्टर करून टाकलं. पावती जपून ठेवली आहे.

हलकं वाटलं. खरंच सांगतो, चार महिन्यांत पहिल्यांदा पोटभर जेवलो.

दामू


भिसेगाव
१ डिसेंबर १९७८

अहो,

तुमचं पत्र आज दुपारी आलं. हे वाचाल तसे उठा आणि पोस्टात जा. रजिस्टर केलेलं पत्र परत मागवता येतं म्हणतात. अर्ज द्या, पाया पडा, काहीही करा.

तुमचं पत्र वाचून मी रडकुंडीला आले आणि आत्याबाईंसमोर सगळं ओकले. म्हटलं, तुमच्या नवऱ्याने बँकर लावला आणि माझा नवरा बुडाला. आत्याबाई इतक्या हसल्या की त्यांना पायरीवर बसावं लागलं. मला हाताला धरून परसात नेलं. समोर यार्डात पुण्याकडची गाडी उभी होती. म्हणाल्या, "त्यो बघ मागं. गाडीच्या ढुंगनाला लागतोय न्हवं, त्यो बँकर. तुझ्या सासऱ्यानं जन्मभर त्योच तर जोडला."

मला शिरूरच्या पोरीला काय ठाऊक, की कर्जतला घाट चढायला गाडीच्या मागे जे ढकलणारं इंजिन लावतात त्याला बँकर म्हणतात! "फुडचं इंजान वढतं, मागचं ढकलतं. वर लोनावळ्याला सुटतं. आतल्या मानसास्नी ठावं बी नसतं," असं आत्याबाई म्हणाल्या. आणि मग हसता हसता त्यांचे डोळे भरले.

तुमचा बँकर म्हणजे अप्पा मास्तर. तो क्लास म्हणजे अप्पा. तुम्ही घर सोडल्यावर मामंजी आठ दिवस जेवणात लक्ष नसल्यासारखे होते. मग एक दिवस कोट घालून अप्पांच्या ओट्यापाशी जाऊन उभे राहिले. म्हणाले, पोराचं इंग्रजी कच्चं आहे. अप्पांनी स्वतः आतून खुर्ची आणून ठेवली. शाळेच्या नोंदवहीचा विषय दोघांपैकी कुणीच काढला नाही. अप्पांचं अक्षर तुम्ही ओळखाल म्हणून मधू टाइप करायचा. सखारामकाका दादरला पाकीट टाकायचे आणि तुमची उत्तरं मुलाच्या खोलीवरून परत आणायचे. मामंजी कोटात घालून न्यायचे ते कागद तुमचेच होते. मामंजींचं नाव कळलं तर तुम्ही पाकीट न फोडता फेकाल, म्हणून ही सगळी लपवालपवी. आणि तुम्ही फेकलंच असतंत, खोटं बोलू नका.

निबंधाचं मी संध्याकाळी अप्पांनाच जाऊन विचारलं. म्हणाले, "अगं, बँकवाल्यांना दरवर्षी दुसरा निबंध सुचतच नाही." मधूनेही तोच लिहून ठेवला होता.

मला तुमचा राग आलाय आणि माझाही. तुम्ही तर कर्जतचे. यार्डाच्या शेजारी जन्मलात. तुम्हाला कसं कळलं नाही हो?

मामंजींना मी यातलं अजून काही बोलले नाही. आत्याबाईंनाही गप्प बसवलंय. पळा पोस्टात.

सुचेता


साजगाव
१२ जानेवारी १९७९

प्रिय सुचेता,

महिनाभर मी तुला 'वाट बघतोय' एवढीच कार्डं टाकली. आता वाट संपली.

त्या दिवशी तुझं पत्र वाचून मी चालू पाळी सोडून खोपोलीच्या पोस्टात धावलो. पत्र मुंबईला पोचलं होतं, सही होऊन. लगेच मंडळाला दुसरं पत्र लिहिलं. बँकर म्हणजे इंजिन, माझे वडील रेल्वेत सांधेवाले होते, घरात तसं बोलतात, हे सगळं समजावलं. लिहिताना लाज वाटत होती. शेवटी दोन डब्यांचं आणि मागच्या इंजिनाचं चित्रही काढलं.

चार तारखेला इंटरव्ह्यूचं बोलावणं आलं. लेखी पास! मी कमळ्याला उचलून खोलीभर नाचलो. तुला लिहायला घेतलं, मग म्हटलं, इंटरव्ह्यू झाल्यावर एकदम घरी जाऊन सांगू. नऊ तारखेला दुसरं पाकीट आलं. तुमच्या वतीने वशिला लावण्यात आल्याचे तुमच्याच पत्रावरून दिसते, सबब उमेदवारी रद्द. चार ओळी. दुसऱ्या पत्राचा उल्लेख नाही.

तू विचारलंस, तुम्हाला कसं कळलं नाही. लहानपणी आबांचा डबा घेऊन मी यार्डात जायचो. मागचं इंजिन लागलं की गाडीला धक्का बसायचा, आबा शेवटच्या डब्याच्या आणि इंजिनाच्या मधून वाकून बाहेर यायचे आणि मला हात करायचे. तो शब्द मी बोलायला लागलो तेव्हापासून ऐकलाय. पण तू लिहिलंस तेव्हा मला फक्त पुस्तकातला बँकर दिसला, टाय लावलेला. माझ्या बापाच्या तोंडचा शब्द मी परक्याचा करून वाचला. त्याच्याबद्दल वाईटच ऐकायचं ठरवून बसलो होतो, म्हणून वाईट ऐकलं. मी फार हलका माणूस आहे, सुचेता.

एकच मागणं आहे. त्यांच्या एका शब्दामुळे हे झालं असं आबांना कळता कामा नये. ते झुरून मरतील. त्यांना सांग, इंटरव्ह्यूपर्यंत पोचलोच नाही. गणितात नापास झालो. एवढं माझ्यासाठी खोटं बोल.

निकाल लागला, म्हणजे शपथ सुटली. पण पाय उचलत नाही.

दामू


भिसेगाव
२ फेब्रुवारी १९७९

अहो,

तुम्ही सांगितलंत तसं मी बोलले. उशीर झाला, कारण तोंड उघडत नव्हतं. परवा सकाळी मामंजी अंगणात दाढी करत बसले होते. मी चहा ठेवला आणि म्हटलं, यांचं पत्र आलंय, परीक्षेत नापास झाले. गणितात.

त्यांनी वस्तरा थांबवला नाही. म्हणाले, "गनितात व्हय?"

म्हटलं, हो.

"आसंल. लानपनापास्नं गनितात कच्चाच हाय त्यो."

सुचेता वेडी नाही. तुमचे पन्नासपैकी पन्नासचे पेपर हा माणूस कोटात घालून गावभर मिरवत होता. सखारामकाकांना आकडे पाठ झाले होते. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. त्यांनी माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. गालावर बारीकसं कापलं तेवढं.

मग काल त्यांचा कोट धुवायला काढला. आतल्या खिशात मंडळाचं पाकीट होतं. तुमच्या नावाचं, पण भिसेगावच्या पत्त्यावर. फॉर्मात कायमचा पत्ता इथला दिलाय ना तुम्ही. कधी आलं, मला पत्ता नाही; पोस्टमनला गल्लीच्या तोंडाशीच गाठून त्यांनी घेतलं असणार. शिक्का एकोणीस जानेवारीचा. नीट कापून उघडलेलं. इंग्रजी मला लागतं तेवढं लागलं: तुमच्या वडिलांनी वापरलेल्या 'बँकर' या शब्दाबाबतचा आपला खुलासा मिळाला, निर्णय कायम आहे, यापुढे पत्रव्यवहार केला जाणार नाही. 'तुमच्या वडिलांनी' या शब्दांखाली पेन्सिलीची रेघ होती. अप्पांनी वाचून दाखवताना मामंजींनी कुठे लिहिलंय म्हणून विचारलं असणार.

म्हणजे मी गणिताचं सांगितलं त्याच्या दहा-बारा दिवस आधीपासून त्यांना सगळं ठाऊक होतं. बँकर माहीत होता, तुमचं पत्र माहीत होतं, तुम्ही त्यांच्यावर काय आळ घेतलात तेही. आणि तरी वस्तरा फिरवत म्हणाले, गणितात कच्चाच आहे.

मी पाकीट होतं तसंच खिशात ठेवलं. कोट न धुता खुंटीला लावला. आत्याबाईंना बोलले नाही. तुम्हाला बोलते आहे, पण मी तुम्हालाही हे कधी बोलले नव्हते असं समजा.

या रविवारी या. आत्याबाईंनी तांदूळ काढून ठेवलेत. मामंजी सकाळपासून तीनदा विचारून गेले, खोपोलीची गाडी किती वाजता येते. जन्म त्या यार्डात गेला त्यांचा. जेवायला बसलात की ते तुम्हाला गणितावरून बोलतील. चारचौघांत बोलतील, मधूसमोरही बोलतील. खाली मान घालून ऐकून घ्या. उलट उत्तर देऊ नका.

तुमची
सुचेता